मुदपाकखान्यातील प्रार्थना

ख्रिस्ती परंपरेची ओळख : लेखांक ७

येशूच्या दृष्टान्तांत मंदिरापेक्षा घर अधिक वेळा येते. पिठात खमीर कालवणारी बाई, हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, दिवठणीवरचा दिवा, चव गेलेले मीठ, जुन्या वस्त्राला लावलेले कोऱ्या कापडाचे ठिगळ, जाळ्यातून निवडून भांड्यात भरलेले मासे. देवाचे राज्य कसे असते हे सांगताना त्याने उचललेली उदाहरणे अशी आहेत. तो स्वतः सुतार. मार्काच्या शुभवर्तमानात गावकरी त्याची ओळख तशीच सांगतात आणि त्यांच्या सुरात थोडी हेटाळणी आहे. सुमारे तिसाव्या वर्षी त्याने कार्याला आरंभ केला असे लूक नोंदवतो. म्हणजे आयुष्याचा फार मोठा भाग नाझरेथसारख्या आडगावात गेला आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ गप्प आहेत. पुनरुत्थानानंतरचा एक प्रसंग योहान देतो. रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तेव्हा तिथे कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते, आणि येशू त्यांना न्याहारीला बोलावतो.

देव मनुष्य झाला, ही ख्रिस्ती धर्माची मूळ श्रद्धा. तिला देहधारण म्हणतात. देवाने देह घेतला म्हणजे भूक घेतली, थकवा घेतला, हाताला पडणारे घट्टे घेतले. मग घट्टे पाडणारे काम देवापासून दूरचे कसे, हा प्रश्न यातून आपोआप निघायला हवा होता. तो निघाला, पण सावकाश. आडवी आली ती लूकच्या शुभवर्तमानातील दोन बहिणींची गोष्ट. मार्था सरबराईत गुंतलेली, मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली. मार्था तक्रार करते आणि येशू मरियेची बाजू घेतो. एवढ्याशा प्रसंगावरून शतकानुशतके असा अर्थ काढला गेला की, चिंतन हा वरचा मार्ग आणि चूल हा खालचा. ज्यांनी ही उतरंड हलवली त्यांतले बरेचसे, गंमत म्हणजे, मठात राहणारेच होते.

इटलीतील संत बेनेडिक्ट (सुमारे ४८०–५४७) याने मठवासीयांसाठी लिहिलेली नियमावली ७३ छोट्या प्रकरणांची आहे. पश्चिम युरोपातील मठजीवन पुढे कित्येक शतके तिच्यावर चालले. ध्यानाची गूढ वर्णने शोधायला जाणाऱ्याची तिच्यात निराशा होते. कोणी केव्हा उठावे, अंथरूण कसले असावे, प्रार्थनेला उशिरा येणाऱ्याने कुठे उभे राहावे, असा बराचसा मजकूर. पण एकतिसाव्या प्रकरणात कोठीवाल्याची कर्तव्ये सांगता सांगता एक वाक्य येऊन जाते. मठाची सगळी भांडी आणि सगळे सामानसुमान त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखे मानावे, असा त्याचा आशय. फावडे, कढई, पाण्याची घागर, सगळे त्यात आले.

हे नुसते सुभाषित राहू नये याची तजवीज पस्तिसाव्या प्रकरणात आहे. स्वयंपाकाची पाळी आठवड्या-आठवड्याने बदलणार. आजारी माणूस किंवा मठाच्या महत्त्वाच्या कामात अडकलेला सोडला, तर सहसा कोणाला सूट नाही. शनिवारी पाळी उतरणाऱ्याने साफसफाई करायची, हातपाय पुसण्याचे पंचे धुवायचे, आणि मग उतरणारा व चढणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठीवाल्याच्या हवाली करायची. त्याने ती पुढच्याला द्यायची, म्हणजे काय दिले आणि काय परत आले याचा हिशेब राहतो. रविवारी पहाटेची प्रार्थना संपली की दोघे सर्वांपुढे वाकून आपल्यासाठी प्रार्थना मागतात. जाणारा आभाराचे वचन तीनदा म्हणतो, येणारा साहाय्य मागण्याचे. वाढप्यांना जेवणाच्या तासभर आधी नेहमीच्या वाट्याखेरीज एकेक पेला पेय आणि भाकर द्यावी, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील, हेही बेनेडिक्ट विसरत नाही. कुरकुरीचा उल्लेख त्याच्या नियमावलीत वारंवार येतो. रिकाम्या पोटी दुसऱ्याला वाढणाऱ्याच्या मनात काय चालते हे त्याला चांगले ठाऊक होते.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर दुसऱ्या टोकाकडून त्याच ठिकाणी आला. मठात राहणे हेच विशेष पुण्याचे, ही कल्पना त्याने नाकारली. मोची, मोलकरीण, आई, न्यायाधीश यांचे काम हेही देवाने दिलेले बोलावणे आहे, असे त्याचे म्हणणे. विवाहावरील १५२२ च्या लेखनात तो बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण देतो. लोक त्याला बाईलवेडा म्हणून हसतील, पण श्रद्धेने केलेल्या त्या कामाकडे पाहून देव आणि देवदूत प्रसन्नपणे हसतात, असे तो लिहितो. त्याच शतकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिवस तपासण्याची एक रीत घालून दिली. मिळालेल्याबद्दल आभार, समजण्यासाठी प्रकाशाची मागणी, मग उठल्यापासूनचा एकेक तास मनाने पुन्हा चालून जाणे, चुकांची क्षमा, आणि सुधारण्याचा निश्चय. जमाखर्चाची वही संध्याकाळी मिटवावी तशी ही रीत आहे. आजही जगभर ती पाळली जाते.

स्पेनमध्ये अविला गावच्या तेरेसाने (१५१५–१५८२) कार्मेल संघात सुधारणा घडवली आणि १५६२ मध्ये आपला पहिला मठ स्थापन केला. मोठी योगिनी आणि तितकीच पक्की व्यवहारी बाई. मठांच्या स्थापनेची हकीकत लिहिताना तिने आपल्या भगिनींना सांगितले की, आज्ञेनुसार स्वयंपाकघरात काम पडले तर खंत करू नका, देव भांड्याकुंड्यांतही वावरतो. तिच्या सुधारणेतून निघालेल्या शाखेला ‘अनवाणी कार्मेल’ असे नाव पडले. याच शाखेच्या पॅरिसमधील मठात, तिच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, ते वाक्य अक्षरशः जगणारा एक लंगडा शिपाईगडी दाखल झाला.

त्याचे नाव निकोला हेर्मां. मठातील नाव लॉराँ. मराठी वाचकाला तो बहुधा ब्रदर लॉरेन्स या इंग्रजी नावाने भेटतो. जन्म सुमारे १६१४ चा, लॉरेन प्रांतातील एरिमेनिल या खेड्यातला. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्याच दिवसांत याला पाने फुटतील, मग फुले, मग फळे, असा विचार त्याच्या मनात आला. बस्स, एवढेच. दिव्य प्रकाश नाही, आकाशवाणी नाही. पण देवाच्या सामर्थ्याची आणि काळजीची जी जाणीव त्या क्षणी झाली ती पुढे कधी पुसली गेली नाही, असे तो चाळीस-पन्नास वर्षांनंतरही सांगत असे. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध (१६१८–१६४८) चालू होते. तो सैन्यात गेला, हेर समजून पकडला गेला, फाशीच्या धमकीतून सुटला, आणि पुढे लढाईत जखमी झाला. पाय कायमचा अधू झाला. मग काही काळ एका बड्या अधिकाऱ्याकडे हुजऱ्या म्हणून नोकरी. स्वतःच्या त्या नोकरीविषयी त्याचा अभिप्राय असा की, आपण एक धांदरट गडी होतो आणि हाती येईल ते फोडत होतो.

१६४० मध्ये तो मठात आला आणि १६४२ मध्ये त्याने व्रते घेतली. तो धर्मगुरू नव्हता. लॅटिन जाणणारे, वेदीवर विधी करणारे ते वेगळे. हा त्यांची कामे करणारा धर्मबंधू. त्याला मुदपाकखाना देण्यात आला, आणि स्वयंपाकाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तिथे त्याने सुमारे पंधरा वर्षे काढली. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करायला त्याला लांबच्या प्रांतांत धाडत. व्यवहाराचे अंग नाही आणि पाय अधू, त्यामुळे बोटीवर चालता येईना, तेव्हा तो पिंपांवरून अंग लोळवत इकडून तिकडे जाई. काम देवाचे आहे, असे त्याला सांगून तो निघे, आणि खरेदी बरी होई, कशी ते त्यालाही कळत नसे. पाय आणखी बिघडल्यावर त्याला बसून करण्याचे काम मिळाले, चपला शिवण्याचे. अनवाणी म्हणवणाऱ्या या मठवासीयांच्या पायात चपला असत, आणि त्या झिजत.

या माणसाची प्रार्थनेची पद्धत सांगायला दोन मिनिटे पुरतात. देव इथे, आत्ता, हजर आहे हे आठवायचे. विसर पडला की पुन्हा आठवायचे. काम सुरू करताना त्याला दोन शब्द बोलायचे, करता करता अधूनमधून बोलायचे, झाले की आभार मानायचे. चुकले तर कबूल करायचे आणि तिथेच थांबायचे, स्वतःला कोसत बसायचे नाही. तव्यावरचे अंड्याचे आम्लेट उलटायचे ते देवाच्या प्रेमाखातर. ते झाल्यावर दुसरे काम नसेल तर जमिनीवर लोटांगण घालून आराधना करायची, आणि उठून पुन्हा कामाला लागायचे. जमिनीवरची काडी उचलण्याइतके क्षुल्लक कामही यात बसते, असे तो म्हणे. मठाच्या वेळापत्रकातील प्रार्थनेचे तास तो पाळत होताच. फरक इतकाच की, मुदपाकखान्यात भांडी वाजत असताना आणि चार जण चार गोष्टी मागत असताना जेवढी शांती असे, तेवढीच गुडघे टेकलेले असताना असे.

ऐकायला सोपे वाटते, आणि इथेच पुष्कळ वाचक फसतात. लॉरेन्सने स्वतः सांगितले आहे की पहिली सुमारे दहा वर्षे फार हालात गेली. आपण देवाच्या योग्यतेचे नाही, आपण स्वतःची फसवणूक करून घेतो आहोत, असे वाटत राहिले. सारे आयुष्य असेच जाणार, ठीक आहे, असे मनाशी कबूल केल्यावर अचानक मन निवले. म्हणजे पहिली दहा वर्षे तो भांडी घासत होता आणि काहीही घडत नव्हते. देवाच्या सान्निध्याचा हा अनुभव भावनेच्या उमाळ्यावर उभा नाही. तो सवयीवर उभा आहे, हाताला वळण लागावे तसे मनाला लावलेल्या वळणावर.

मराठी वाचकाला इथे सावता माळी आणि जनाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तुलना गैर नाही. एक फरक मात्र डोळ्यांत भरतो. जनाबाईच्या कथेत विठोबा स्वतः येऊन जात्याला हात लावतो. लॉरेन्सचा देव भांड्यांना हात लावत नाही. काम ज्याचे त्यालाच करावे लागते, सोबत मिळते.

लॉरेन्सने पुस्तक लिहिले नाही. जोसेफ द बोफोर हे धर्मगुरू १६६६ च्या ऑगस्टमध्ये त्याला प्रथम भेटले आणि त्यांनी संभाषणांची टिपणे ठेवली. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी लॉरेन्स वारला. त्यानंतर बोफोर यांनी त्याची पत्रे, वचने आणि ही टिपणे १६९२ व १६९४ मध्ये दोन छोट्या पुस्तकांत छापली. पत्रे मठवासिनींना आहेत, संसारी स्त्री-पुरुषांना आहेत. एका तरुण सैनिकाला त्याने निरोप धाडला तो असा: लांबलचक प्रार्थनेची गरज नाही, हातात तलवार घेऊन कूच करतानाही क्षणभर मन वर उचलता येते.

पुस्तकाचे पुढे जे झाले ते विचित्रच. फ्रान्समध्ये तेव्हा मौनमार्गी भक्तीवरून मोठा वाद पेटला होता. आर्चबिशप फेनेलाँ यांच्या ग्रंथातील २३ विधाने पोपने १६९९ मध्ये दोषी ठरवली. फेनेलाँ लॉरेन्सला भेटलेले होते आणि त्यांनी आपल्या बचावात त्याचा दाखला दिला होता. त्यामुळे हा निरुपद्रवी आचारी आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच देशात बराच काळ विस्मृतीत गेला. त्याला जपले ते प्रॉटेस्टंटांनी. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने अठराव्या शतकात आपल्या अनुयायांसाठी काढलेल्या ग्रंथमालेत त्याला स्थान दिले. मठांना विरोध करणाऱ्यांच्या घराघरांत मठातल्या माणसाचे पुस्तक पोचले.

या विचारावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. भांडी घासण्यात देव भेटतो, असे भांडी घासणाऱ्याला सांगणे फार सोयीचे असते, विशेषतः ज्याची भांडी घासली जातात त्याला. युरोपातील मठांतही धर्मगुरू आणि धर्मबंधू यांत उच्चनीचता होती, आणि धर्मबंधूंचा आवाज कारभारात क्वचितच ऐकला जाई. घराघरांतल्या बायकांना तर हा उपदेश शतकानुशतके फुकट मिळत आला. लॉरेन्सपाशी या आक्षेपाचे उत्तर नाही. तो त्याचा प्रश्नच नव्हता. उत्तर असेल तर ते बेनेडिक्टच्या त्या रुक्ष प्रकरणात आहे. ज्याला काम पवित्र वाटते त्याने त्याची पाळीही घ्यावी, वाढणाऱ्याला आधी खायला द्यावे, आणि त्याचे पाय धुवावेत. पाळीविना पावित्र्य सांगणे हा निव्वळ कावा आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत ठोस रूप पुणे जिल्ह्यातील केडगावला दिसले. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्ति मिशनमध्ये १८९६–९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया राहत. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना अशी कामे तिथे चालत. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले आणि मृत्यूपूर्वी ते पुरे केले. त्याची छपाई मिशनमधल्या स्त्रियांच्या हातून झाली. खिळे जुळवताना मजकूर उलटा वाचावा लागतो, अक्षरामागून अक्षर, आणि काना-मात्रा चुकली तर सगळी ओळ उसवावी लागते. धर्मग्रंथ इतक्या जवळून फार थोड्यांनी हाताळला असेल. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाकी किनारपट्टीवरच्या कॅथलिक गावांत पावित्र्य कामात शिरते ते घंटेच्या आवाजाने. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी दिवसातून तीनदा चर्चची घंटा वाजते. तिला आंजेलूस म्हणतात. देवदूताने मरियेला तिच्या घरी येऊन दिलेल्या वार्तेचे, म्हणजे पुन्हा देहधारणाचेच, ते स्मरण. रूढ पद्धतीने तीन-तीन टोल तीनदा पडतात, मधे थोडी उसंत, आणि मग सलग टोल. तेवढा वेळ हातातले काम थांबवायचे. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ ते १८५९ या काळात रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात नेमका हाच क्षण आहे: बटाट्याचे शेत, जमिनीत रोवलेला काटा, पायाशी टोपली, ढकलगाडीवर पोती, आणि मान खाली घालून उभे असलेले दोघे. चित्र सुचले ते आजीच्या आठवणीवरून, असे मिलेने सांगितले आहे. घंटा ऐकली की ती सगळ्यांना शेतातले काम थांबवायला लावी.

मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत घंटेच्या जोडीला रस्त्याकडेचे क्रूस आहेत. त्यांतले कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत लोकांनी संरक्षणासाठी उभारले. येणारेजाणारे आजही तिथे क्षणभर थबकतात, कोणी फुले वाहतो, कोणी मेणबत्ती लावतो. गोव्यातल्या घरांत संध्याकाळच्या घंटेनंतर देव्हाऱ्यापुढे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. ती संपली की मुले एकेका वडीलधाऱ्यापाशी जाऊन हात जोडतात आणि बेसांव मागतात. आजी, आजोबा, आईवडील त्यांना आशीर्वाद देतात. मग जेवणाची ताटे मांडली जातात.

(क्रमशः)